राळ्याची पिशवी

माझ्या आजाराचं नाव कॅन्सर. पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या घरात हे नाव उंबऱ्याच्या आत यायला फार दिवस लागले. तोवर मला कावीळ झालेली होती.

कावीळ आत्याबाईंनी ठरवली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. परळीत वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं किराणा दुकान आहे आणि त्या दुकानातला तराजू माझ्या हातात असायचा. माझे यजमान मोंढ्यातून माल आणायचे, पोती उतरवून घ्यायचे, पण गिऱ्हाईक मी बघायची. लग्न होऊन आले तेव्हा मामंजी, म्हणजे माझे सासरे, होते. त्यांनीच मला गादीवर बसवलं. "गिऱ्हाइकाचं तोंड बगू नको, काट्याकडं बग," असं म्हणायचे. लिंगायताची सून गल्ल्यावर बसली म्हणून चार लोक बोललेच. मामंजींनी त्या चौघांना गूळ जरा झुकतं माप देऊन दिला आणि तोंडं बंद केली.

मामंजी गेले, तरी जागा माझी राहिली. आजारात मला मरणाची भीती वाटली, ती कुणालाही वाटते. पण ती जागा जाईल अशी दुसरी भीती तिच्या जोडीला होती, आणि ती कुणालाच समजत नव्हती.

हे मी डॉक्टरकी शिकवायला लिहीत नाही. ज्या बाईचा हात आज आंघोळ करताना मधेच थांबला असेल, तिच्यासाठी लिहिते आहे. बाई, नाव घ्यायला शीक. बाकीचं पुढे बघू.

गाठ कुणाची

गाठ हाताला लागली तेव्हा हरभऱ्याएवढी होती. दुकानदारीण असल्याने मला दाण्यांच्या मापात बोलायची सवय. दिवाळीला हरभरा होता, संक्रांतीला सुपारी झाली. आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "थर्मलच्या चिमणीची राख उडती, ती अंगात बसती. लेप लाव. पर सुई-सुरी लावून घेऊ नको. लोखंड लागलं की गाठ खवळती."

लेप लावला. गाठ त्याला काही बधली नाही. मग यजमानांनी मला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सुई टोचून तपासणी झाली आणि निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी बोलावलं ते यजमानांना. मी बाहेर बाकड्यावर. माझ्या शेजारी एक म्हातारा खोकत होता आणि त्याची बायको दर खोकल्याला "वैजनाथा" म्हणत होती. मीही तिच्याबरोबर दोनदा म्हटलं.

यजमान बाहेर आले. "काय न्हाई. साधी गाठ हाय. काढून टाकू म्हणत्यात," म्हणाले आणि टोपी काढून तिची घडी करायला लागले. त्या माणसाने जन्मात टोपीची घडी केली नव्हती. खोटं माप देणारा माणूस कसा दिसतो, ते मला रोजच्या धंद्याने शिकवलं होतं. मी उठले आणि पडदा सारून थेट आत गेले.

"डॉक्टरसाहेब, गाठ माजी हाय का त्यांची?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्यामागे धावत आलेल्या यजमानांकडे पाहिलं. "तुमची," म्हणाले.

"मग मला सांगा की."

त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, डावी बाजू पूर्ण काढावी लागेल, नंतर मशीनखाली किरणांचे शेक घ्यावे लागतील. ऐकता ऐकता मी समोरची खुर्ची ओढून घेतली, हे लपवत नाही. खुर्ची नसती तर खाली बसले असते. पण डॉक्टरांनी मला 'तुमची' म्हटलं, त्या शब्दाला धरून मी बसून राहिले. परतीच्या गाडीत यजमान घाटभर रडले आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मला रडायला नंतर, न्हाणीघरात, वेळ मिळाला.

घरी पोचल्यावर आत्याबाईंनी दार लावून घेतलं आणि निकाल दिला. "कावीळ झालीया म्हणायचं. गावात ह्या रोगाचं नाव निघालं तर कुणी आपल्या दुकानातलं मीठ खाणार न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आत्याबाई, मुठीत इंचू असंल तर?"

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माझी कावीळ कळली. एकीने तर उसाचा रसही पाठवला.

लाईट

ऑपरेशन अंबाजोगाईलाच झालं. शुद्धीवर आल्यावर पट्टीखाली हात घालायची हिंमत मला लवकर झाली नाही. शेक घ्यायला मात्र पार दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात जावं लागलं. तिथे शेकाला सगळ्या बाया 'लाईट' म्हणायच्या. आम्हा परळीकरांना याचं हसू येतं. लाईट, म्हणजे वीज, तयार होते आमच्या उशाच्या थर्मल केंद्रात, धूर आणि राख आमच्या वाळवणावर, आणि उजेड दुसऱ्यांच्या गावाला. मला माझ्या वाटणीची लाईट घ्यायला एस.टी.ने तिकडे जावं लागलं.

तिथे मला गोदाबाई भेटल्या. युसूफ वडगावच्या बाजूच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, उंच, आवाज माळावर हाक मारायला घडवलेला. त्यांची उजवी बाजू काढली होती, माझी डावी. पहिल्याच दिवशी आमच्या छातीवर निळ्या शाईच्या रेघा मारल्या आणि त्या धुवायच्या नाहीत असं बजावलं. गोदाबाई पदर सारून रेघा बघत बसल्या.

"आमी मेंढराच्या पाठीवर अशीच खूण करतो बग. कळपात हरवलं तरी मालकाला सापडावं म्हनून. आता मी बी सापडंन."

"कुणाला?" मी विचारलं.

"यमाला न्हाई सापडत. त्याला म्हनावं, ह्या मेंढीवर आदीच दुसऱ्याची खूण हाय."

ती ऑपरेशननंतरची माझी पहिली हसण्याची वेळ. टाके दुखले, तरी हसले.

मशीनच्या खोलीत एक वेगळीच अडचण आली. आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. ते जन्मल्यावर बांधतात आणि माणसाबरोबरच मातीत जातं. मशीनवरचा माणूस म्हणाला, "बाई, गळ्यातलं काढून ठेवा." मी म्हटलं, हे काढत नाहीत. तो म्हणाला, मशीनखाली चालत नाही. दोघेही अडून बसलो. बाहेर रांग खोळंबली होती. शेवटी त्यानेच तोड काढली. "हात डोक्यावर धरून झोपायचंच आहे ना? मग मुठीत धरा." रोज तो न विसरता विचारायचा, "मुठीत आहे ना?" आणि मगच लोखंडी दार लावायचा. तो कोणत्या देवाला मानतो ते मला माहीत नाही, पण त्याचे उपकार मी विसरले नाही.

दवाखान्यात भरती होते त्या दिवसांचं बाकी काही फार सांगण्यासारखं नाही. सकाळी झाडू, मग चहा, मग रांग, मग उलटी, मग वाट बघणं. कातडी भाजल्यासारखी काळी पडली, घास तोंडात फिरायचा. भेटीला आलेली माणसं माझ्याकडे बघायची आणि भिंतीशी बोलायची. यजमान शेंगांची चटणी आणि दही घेऊन यायचे. माझं खाऊन होईपर्यंत डब्याचं झाकण हातात धरून बसायचे.

अशी बसशील का?

घरी आले तेव्हा फळीवरचं एक ताट बाजूला काढलेलं होतं. ओळखू यावं म्हणून आत्याबाईंनी त्याच्या काठावर खिळ्याने फुली मारली होती. पेलाही वेगळा. डॉक्टरांनी सांगितलेलं, हा रोग उष्ट्याने लागत नाही. मी ते चार वेळा सांगितलं. आत्याबाई चार वेळा "हो हो" म्हणाल्या आणि फुलीचं ताट माझ्यापुढे आलं. मी जेवत गेले. त्या घासांची चव मला अजून आठवते आणि रागही अजून येतो.

खरा राग मात्र दुकानाचा. गादीवर आत्याबाई स्वतः बसायला लागल्या होत्या. त्यांना काटा नीट दिसत नव्हता, त्यामुळे कधी गिऱ्हाईक खूश, कधी आम्ही. मी म्हटलं, मला आता बरं वाटतंय, उद्यापासून मी बसते. त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. लुगड्याचा पदर डावीकडे सपाट पडला होता. गळ्यातलं लिंग आधी मधोमध राहायचं, ते त्या सपाटीकडे घरंगळलेलं.

"अशी बसशील का दुकानात?" त्या म्हणाल्या.

यजमान तिथेच होते. ते पोत्याचं तोंड शिवत राहिले. त्या दिवशी मी दोघांशीही अबोला धरला आणि मनात ठरवलं, अशीच बसेन. पण बसण्याआधी या सपाटीचं काहीतरी करायचं, आणि तेही लोकांसाठी करायचं नाही. एक बाजू हलकी झाली की पाठ वाकडी व्हायला लागते, खांदा उचलला जातो. तराजूवाल्या बाईला एक पारडं रिकामं घेऊन फिरणं कसं जमेल?

सब्जा

शहरात चोळीत बसवायचे तयार गोळे विकत मिळतात असं ऐकलं होतं, पण आपल्या बाजारात तसलं काही कुठून यायला! घरात जुन्या कापडी पिशव्या मात्र ढीगभर. गिऱ्हाईक कॅरीबॅग मागायला लागल्यापासून त्या बिनकामाच्या पडल्या होत्या. त्यातल्या मऊ कापडाची एक गोल पिशवी मी शिवली. भरायचं किती, हा प्रश्न. दुपारी दुकानाच्या फळ्या लावलेल्या असताना मी गादीवर गेले आणि उजवी बाजू पारड्यात ठेवून दुसऱ्या पारड्यात मापं टाकून पाहिली. माणसाच्या अंगाचं असं माप निघत नाही. पारडं एकसारखं हलत राहिलं, कारण मी हसत होते. शेवटी अंदाज बांधला.

कापूस भरून पाहिला, तो वर चढून गळ्याशी यायचा. शेंगदाणे टोचत होते. मोहरी बरी होती, पण मग माझी नजर सब्जावर गेली. बारीक, गुळगुळीत, हातातून पाण्यासारखा ओघळणारा. मी पिशवी सब्जाने भरली, नीट शिवली, चोळीत बसवली आणि आरशासमोर उभी राहिले. झकास! दुसऱ्या दिवशी आत्याबाई उठायच्या आधीच मी गादीवर जाऊन बसले.

आता मराठवाड्यातला उन्हाळा आणि पत्र्याचं दुकान, घाम किती येणार? सब्जाला पाणी लागल्यावर काय होतं हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगत होते. "चिमूटभरच घाला, लई फुगतो." आणि मी पिशवी गच्च भरली होती! अकराच्या सुमाराला मला डावीकडे ताण जाणवला. समोरची बाई डाळ सोडून माझ्याकडे टक लावून बघत होती. खाली पाहिलं तर डावी बाजू उजवीच्या दीडपट. बघता बघता शिवण उसवली आणि काळं बुळबुळीत सब्जाचं पाणी चोळीतून पोटावर आलं. मी तराजू टाकला आणि आत पळाले.

आत्याबाई दारातच होत्या. "झालं समाधान?" म्हणाल्या. त्या वेळी मला त्यांचा जीव घ्यावासा वाटला. आज मात्र सब्जा मोजताना मला एकटीलाच हसू फुटतं.

लोकर आणि राळं

गोदाबाई तपासणीला जाताना वाटेत आमच्याकडे आल्या. त्यांनी आपल्यासाठी मेंढीच्या लोकरीचा गोळा करून बसवला होता. तो खाजायचा, वजनाला काहीच नव्हता, आणि घाम आला की वास यायचा.

"माह्या मागं कुत्री लागत्यात," त्या म्हणाल्या. "त्यास्नी वाटतं मेंढीच चालली."

मी सब्जाची गोष्ट सांगितली. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की यजमान मोंढ्याच्या हातगाडीवरून पोतं टाकून आत आले. मग आम्ही दोघी मागच्या पोत्यांच्या खोलीत बसलो. आत राळं भरलं, ते भगरीसारखं बारीक धान्य असतं, पाण्याने लगेच फुगत नाही आणि त्याला वजन आहे. त्याभोवती धुऊन पिंजलेली लोकर, म्हणजे दाणा टोचत नाही. वरून धोतराचं जुनं मऊ कापड. माझं धान्य आणि त्यांची लोकर. पावसात भिजली तर राळं बदलायचं, बाकी काही नाही. गोदाबाईंनी चोळीत बसवून खांदे हलवून पाहिले, उडी मारून पाहिली.

"दुकानदारीण, हे ब्येस झालं," त्या म्हणाल्या. "आता माळावर पळता यील."

पुढच्या सोमवारी मी पुन्हा गादीवर बसले. शेजारच्या गल्लीतल्या सुमनबाई साखर घ्यायला आल्या. दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती. आत्याबाई आतल्या दाराशी तांदूळ निवडत होत्या.

"काय गं महानंदा, उतरली का कावीळ?" सुमनबाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. पण मला त्या पडद्यामागच्या बाकड्याची आठवण झाली. माझ्यासारख्या किती बाया अशाच बाकड्यावर बसून असतील आणि आतमध्ये त्यांची गाठ दुसऱ्यालाच सांगत असतील.

"कावीळ न्हवती, सुमनबाई. कॅन्सर होता. डावी छाती काढली. ही आतली पिशवी हाय, राळ्याची. साखर किती देऊ?"

आतल्या दाराशी सूप खाली पडलं. सुमनबाई साखर न घेताच गेल्या. त्यांच्यामागे दुसरीही गेली. एक म्हातारा तेवढा थांबला. तो म्हणाला, "मला चहा पत्ती दे. मला आता कशानं काय व्हायचंय?"

आत्याबाई खूप बोलल्या. कुळाची अब्रू, मामंजींचं दुकान, सगळं निघालं. त्या थांबल्यावर यजमान पहिल्यांदा माझ्या बाजूने बोलले. "आये, ती बसंल. गिऱ्हाईक आलं तर आलं." एवढंच बोलले आणि पोती मोजायला निघून गेले. मी त्या दिवशी त्यांच्याशी अबोला सोडला.

पिशवीवाल्या

गिऱ्हाईक खरंच तुटलं. पण दुपारी, रस्ता सामसूम असताना, दुसरंच गिऱ्हाईक यायला लागलं. कुणी पाव किलो डाळ मागायची आणि डाळ बांधून झाली तरी हलायची नाही. मग हळूच, "वैनी, तुमाला आदी काय झालतं? दुखत होतं का?" मी त्यांना मागच्या खोलीत न्यायची. काहींची साधी गाठ निघाली. काहींची नाही.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून काय लुटलं? राळ्याच्या पिशव्या नव्हे, घाबरू नका. साधे रुमाल. पण तिळगूळ देता देता प्रत्येकीला सांगितलं, न्हाताना स्वतःला हात लावून बघत जा, आणि गाठ लागली तर माझ्याकडे या. विधवा बायांनाही बोलावलं. दोन जणी त्यावरूनच रागावून निघून गेल्या. त्यांना सांगितलं, गाठ कुंकू बघून येत नाही.

असं आमचं मंडळ जमलं. मी, गोदाबाई, बरी होऊन आलेली एक शिक्षिका आणि मागाहून आलेल्या आणखी काही. नाव काय ठेवायचं यावर वाद झाला. शिक्षिकाबाईंना 'नवजीवन' हवं होतं. लोकांनी आम्हाला विचारलंच नाही, ते परस्पर आम्हाला 'पिशवीवाल्या' म्हणायला लागले. टिंगलीने म्हणायचे. आम्ही म्हटलं, ठीक आहे, पिशवीवाल्या तर पिशवीवाल्या.

काम साधं होतं. पिशव्या शिवायच्या. नव्या बाईला दवाखान्यात सोबत करायची. तिच्यासाठी भाकरी न्यायची. आणि एक नियम, जो मी भांडून लावला: डॉक्टरांनी बोलावलं की आधी बाई आत. नवरा, भाऊ, दीर तिच्यामागून. या नियमापायी मी पुष्कळ पुरुषांच्या शिव्या खाल्ल्या. एकाने तर भर दवाखान्यात "तू कोन बे?" म्हणून विचारलं, बाईमाणसाला! गोदाबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "ती दुकानदारीण हाय. आन मी मेंढरं हाकती. तुला हाकू का?"

गोदाबाई राहिल्या नाहीत. त्यांचा आजार हाडांत उतरला. हे मी गाळणार नाही, कारण वाचणारीने असं समजू नये की जिद्द धरली म्हणजे सगळ्याच वाचतात. जिद्द त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होती. शेवटच्या भेटीत त्यांनी उशाखालून आपली पिशवी काढून मला दिली. "राळं काढून चिमण्यांस्नी टाक, लोकर दुसरीला घाल," म्हणाल्या. मी लोकर दुसरीला घातली. राळं मात्र टाकवलं नाही, पुष्कळ दिवस डब्यात ठेवलं. मग एक दिवस त्याच मला रागावतील असं वाटलं आणि घराच्या छपरावर, माळवदावर जाऊन चिमण्यांना टाकलं.

ही न्हाई

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका दुपारी मी मागच्या खोलीत शिवत बसले होते. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. या खोलीत त्यांनी मंडळ सुरू झाल्यापासून पाऊल टाकलं नव्हतं.

"महानंदे, मला पिशवी दाखवायची," त्या म्हणाल्या. "पिशवी दाखवायची म्हनते."

मला आनंद झाला. वाटलं, इतक्या दिवसांनी म्हातारीला आमचं काम बघावंसं वाटलं. मी नवी शिवलेली, चांगली गोल पिशवी उचलली आणि त्यांच्या ओंजळीत ठेवली. "बगा, कशी मऊ झालीया. हात फिरवून बगा."

त्या पिशवीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती माझ्या मांडीवर परत ठेवली, आतलं राळं सळसळलं.

"ही न्हाई गं," त्या म्हणाल्या. "माजी."

आमच्याकडे बाया गर्भाशयाला पिशवी म्हणतात. 'पिशवीवाल्या' हे नाव ऐकून आत्याबाईंनी आपल्या मनाशी वेगळाच अर्थ लावला होता. पाळी जाऊन किती तरी वर्षं झाली असताना त्यांच्या अंगावरून पुन्हा जात होतं. कितीतरी महिने त्या फडकी लपवून धूत होत्या. आमच्याच मागच्या खोलीत पिशवीचं बघतात, असं समजून त्या आतल्या दाराशी बसून रोज वाट बघत होत्या की मी त्यांना बोलवीन. आणि मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

"सांगितलं कावून न्हाई?"

"तूच म्हनली असतीस, झाकली मूठ."

मी तसं म्हटलं नाही. म्हणणार होते, खोटं कशाला बोलू. जिभेच्या टोकावर होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गिळलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना अंबाजोगाईला नेलं. तपासणी झाली. निकालाच्या दिवशीही त्यांचा मुलगा, म्हणजे माझे यजमान, सोबत होता. डॉक्टरांनी हाक मारली तेव्हा तो सवयीने उठला. आत्याबाईंनी त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं आणि एकट्या पडदा सारून आत गेल्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला मान हलवून सांगितलं. तोच.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर आत्याबाईंनी फळीवरून फुलीचं ताट काढलं होतं आणि कोपऱ्यात एकट्या भाकरी कुस्करत होत्या. आपल्या हाताने स्वतःला वेगळं काढून. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी त्यांच्यासमोर बसले आणि त्याच ताटात हात घातला.

"लागंल तुला," त्या म्हणाल्या.

"काय लागायचंय? माजं तर झालंय की!"

त्या हसल्या नाहीत. पण ताट जरा माझ्याकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी यजमानांनी ते ताट भांडेवाल्याला मोडीत घातलं.

काट्याकडं बग

आत्याबाईंना त्याच दवाखान्यात, त्याच मशीनखाली लाईट दिली. मशीनवरचा माणूस थोडा पिकला होता. त्याने त्यांचा गळा पाहिला आणि विचारलं, "मुठीत धरणार ना?" खरं तर त्यांचा शेक पोटाला होता, गळ्यातलं काढायची गरजच नव्हती. तरी त्यांनी धरलं.

इतके महिने जाऊनही रोग पसरला नव्हता. त्या घरी आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या, पण आल्या. पहिल्याच सकाळी म्हणाल्या, "मला दुकानात बसव." मी गादी सोडली नाही. माझ्या शेजारी गव्हाच्या पोत्यावर घोंगडी टाकून त्यांना बसवलं.

आणि सुमनबाई आल्या. त्या आता पुन्हा आमच्याकडूनच साखर नेत होत्या, पण पैसे लाकडी फळीवर ठेवायच्या, माझ्या हातात द्यायच्या नाहीत. मी पारड्यात साखर ओतायला लागले.

"आत्याबाई, लई दिवस दिसल्या न्हाईत," सुमनबाई म्हणाल्या. "कुठं गेलत्या? काय झालतं?"

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सुमनबाईंकडे. "का..." म्हणाल्या आणि थांबल्या. मला पुढचा शब्द माहीत होता. त्यांनीच तो या घरात आणला होता. मी मनात म्हटलं, म्हणू दे म्हातारीला, तिच्याने आणखी काय होणार.

"कान्सर," आत्याबाई म्हणाल्या. "पिशवीचा. ह्या पिशवीवालीनं नेलं, म्हनून बसलीय तुज्यापुढं."

सुमनबाईंची नजर एकदा माझ्याकडे आली, एकदा त्यांच्याकडे गेली. मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं. आत्याबाईंनी कोपराने मला ढोसलं.

"महानंदे, गिऱ्हाइकाचं तोंड काय बगतीस? काट्याकडं बग. साखर चालली."

मी पाहिलं. पारडं खाली टेकलं होतं. जास्तीची साखर मी परत काढली नाही, तशीच बांधली, आणि सुमनबाईंनी ती माझ्या हातातून घेतली.